बिनमताचा कार्यकर्ता

२०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मी दोन निवडणुकांचा प्रचार केला. एक अमेरिकेच्या अध्यक्षपदाची, दुसरी वरळी विधानसभेची. पहिलीत मला मत नव्हतं, कारण मी तिथला नागरिक नाही. दुसरीत नव्हतं, कारण मी इथला रहिवासी उरलेलो नाही. मत असून प्रचाराकडे न फिरकणारे कोट्यवधी असतात. माझा प्रकार त्यामानाने दुर्मीळ, म्हणून ही नोंद.

पक्ष कुठले ते सांगत नाही. अमेरिकेतला सांगितला तर मेहुणा बोलायचं बंद करील, आणि त्याचं तळघर मला पार्टीसाठी लागतं. वरळीतला सांगावा तर आमच्या घरातच तीन पक्ष. मशाल, धनुष्यबाण आणि रेल्वे इंजिन गणपतीत एकाच ताटातले मोदक खातात आणि विसर्जनानंतर एकमेकांना कौटुंबिक ग्रुपमधून काढून टाकतात.

मी राहतो न्यू जर्सीत एडिसनला, एच-वन-बी व्हिसावर. ग्रीन कार्डाच्या रांगेत आहे. ही रांग इतकी हळू सरकते, की तिथे जन्मलेली माझी मुलगी बहुधा माझ्याआधी मतदार होईल. मी तिला मतदान केंद्रावर सोडून गाडीत बसून राहीन. अशा माणसाला राजकारणात ओढलं ते शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी. त्यांनी विचारलं, शनिवारी मोकळा आहेस का? मी हो म्हणालो. अमेरिकेत शनिवारी मोकळा असल्याचं कबूल केलं, की कुणाचं तरी फर्निचर उचलावं लागतं हे मला ठाऊक होतं. लोकशाही उचलावी लागेल असं वाटलं नव्हतं.

भीतीपोटी आधी कायदा वाचला. परदेशी नागरिकाने तिथे मत दिलं, तर प्रकरण थेट हद्दपारीपर्यंत जाऊ शकतं. ग्रीन कार्ड नसलेल्याने उमेदवाराला एक डॉलरही द्यायचा नाही. मात्र बिनपगारी राबायला कायद्याची ना नाही. अट एवढीच, की प्रचाराच्या कुठल्याही निर्णयात भाग घ्यायचा नाही. पैसे कुठे खर्च करायचे, कुठल्या वस्तीत जायचं, काय बोलायचं, हे इतरांनी ठरवायचं.

वरळीला मामाला फोन केला. मामा बीडीडी चाळीतला जुना गटप्रमुख.

"म्हणजे मत द्यायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत, डोकं चालवायचं नाही, नुसती पायपीट करायची?" मामा म्हणाला.

"हो."

"मग यात नवीन काय? मी आयुष्यभर तेच केलं. फक्त सल्ला द्यायचो."

"ऐकायचं कोण?"

"ऐकायचं कुणी नाही. पण कायद्याने बंदी नव्हती."

प्रचार कार्यालय म्हणजे एका बंद पडलेल्या गालिच्याच्या दुकानाचा गाळा. प्रमुख एक कॉलेजातली मुलगी. मी तिला पहिलाच प्रश्न विचारला, की समोर ठेवलेला पिझ्झा हा कायद्याच्या नजरेत मोबदला ठरतो का? तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मला फोनवरच्या कामाऐवजी दारोदारच्या कामाला लावलं. पिझ्झा मी खाल्ला. पेट्रोल स्वतःचं घातलं होतं, तेव्हा हिशेब पक्षाच्याच बाजूने गेला.

न्यू जर्सीचा निकाल आधीच ठरलेला, असं तिथे सगळे धरून चालतात. म्हणून तिथले कार्यकर्ते नदी ओलांडून शेजारच्या पेनसिल्व्हेनियात जातात, कारण तिथे निकाल हलतो. १७७६ च्या नाताळात जॉर्ज वॉशिंग्टनने सैन्य घेऊन हीच डेलावेअर नदी बक्स काउंटीतून न्यू जर्सीच्या बाजूला ओलांडली होती. आम्ही उलट दिशेने निघालो, टोयोटातून, मागच्या सीटवर डोनटचे खोके.

हातात पत्रकं आणि मोबाइलवर ॲप. ॲपमध्ये घराचा पत्ता, मतदाराचं नाव, वय आणि त्याने नोंदवलेला पक्ष. पेनसिल्व्हेनियात मतदार नोंदणी करतानाच पक्ष सांगतो आणि ती नोंद प्रचार करणाऱ्याला बघायला मिळते. मामाला हे सांगितलं तेव्हा पलीकडून काही क्षण आवाजच आला नाही. आपल्याकडच्या यादीत नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, घर क्रमांक. बाकीचं सगळं गटप्रमुखाच्या डोक्यात. कोण कोणाचा, कोण कोणाचा असल्याचं दाखवतो, कोण भावाशी भांडण म्हणून उलट मत देतो. "सरकारच सांगतं कोण कोणाचा ते?" मामा खचलेल्या आवाजात म्हणाला. "मग आमचं काम काय राहिलं?"

काम एवढंच राहिलं, की बेल वाजवायची आणि बेलशी बोलायचं. तिथल्या बेलमध्ये कॅमेरा असतो. दार उघडत नाही. बेलच म्हणते, "आम्ही घरी नाही." मी बेलला उमेदवाराची शिक्षणविषयक भूमिका समजावून सांगतो. बेल म्हणते, "पत्रक ठेवून जा." ठेवायचं कुठे? टपालपेटीत टाकायचं नाही, तिच्यात फक्त टपाल खात्याने टाकायचं असा केंद्राचा कायदा आहे. मग पत्रक दाराच्या फटीत खोचायचं. ३१ ऑक्टोबरला एकाच दिवशी त्यांचा हॅलोविन आणि आमची नरकचतुर्दशी. त्या सुमारास अर्ध्या घरांच्या ओसरीवर सांगाडे बसवलेले. काही वस्त्यांत मला सर्वांत आपुलकीने भेटले ते हे सांगाडेच. निदान दारात तरी होते.

दार उघडलंच तर तिसऱ्या वाक्याला प्रश्न यायचा, "तू स्वतः कुणाला मत देणार?" यावर खोटं बोलायची सोय नाही. मी म्हणायचो, "मी नागरिक नाही." हे वाक्य इतक्यांदा म्हणालो, की पुढे पुढे बेल वाजवल्यावर नावाआधी तेच तोंडात यायचं. ऐकून एका आजींनी मला पाणी दिलं. एका गृहस्थाने मला थेट घरात घेतलं आणि सोफ्यावर आडव्या पडलेल्या आपल्या मुलासमोर उभं केलं. "बघ," तो म्हणाला, "याला मत नाही तरी हा वणवण फिरतोय. आणि तू!" मुलाने मान वळवून मला पाहिलं. मी केवळ उपस्थित राहून एका तरुणाचा रविवार नासवला.

म्हाताऱ्या मतदारांना टपाली मतदान समजावणं हा वेगळाच सोहळा. पेनसिल्व्हेनियात मतपत्रिका आधी आतल्या गुप्ततेच्या पाकिटात घालायची, ते पाकीट बाहेरच्या पाकिटात, आणि बाहेरच्यावर सही आणि तारीख. आतलं पाकीट विसरलं तर मत बाद. अशा मतपत्रिकेला तिथे सर्रास नागडी म्हणतात. ऐंशीच्या पुढच्या एका जोडप्याला ओसरीवर बसून हे सांगताना दोघांचा वाद सुरू झाला. नवऱ्याचं म्हणणं, सगळं पाठवून झालं. बायकोचं म्हणणं, आतलं पाकीट अजून फ्रिजवर चुंबकाखाली आहे. कायद्याने मला निर्णयात भाग घ्यायची मनाई होती, म्हणून मी गप्प बसलो.

मामाची चौकशी मात्र एकाच मुद्द्यावर. "तिथे आपला माणूस कोण?" मी श्री ठाणेदारांचं नाव सांगितलं. जन्म चिकोडीचा, वाढले बेळगावात, १९७९ साली अमेरिकेला गेले. २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी पक्षाच्या उमेदवारीच्या लढतीत उतरले आणि तिसरे आले. २०२० मध्ये तिथल्या विधानसभेवर आणि २०२२ मध्ये थेट अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहावर निवडून गेले. मतदारसंघ डेट्रॉइटचा.

"मराठी मतं किती तिथे?"

"नसल्यातच जमा."

"मग आला कसा?" मामाचं अख्खं गणित जातवार, गाववार आणि मजलेवार. त्यात डेट्रॉइट बसेना. थोड्या वेळाने त्याला वेगळंच सुचलं. "म्हणजे बघ, बेळगाव महाराष्ट्रात आलं नाही, पण बेळगावकर अमेरिकेच्या संसदेत गेला. आपणच चुकीच्या ठिकाणी मोर्चे काढले."

परक्या माणसाने दुसऱ्याच्या देशात राजकारण करणं ही काही माझी कल्पना नव्हे. पंजाबातले दलीपसिंग सौंद अमेरिकेत गेले तेव्हा भारतीयांना नागरिकत्वच मिळत नव्हतं. १९४६ साली कायदा बदलला, १९४९ साली ते नागरिक झाले. १९५० मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका गावात न्यायाधीश म्हणून निवडून आले, तर नागरिक होऊन वर्ष पुरं झालं नाही म्हणून निवड रद्द. पुन्हा उभे राहिले, जिंकले, आणि १९५६ साली प्रतिनिधिगृहावर पोचले. पण वरळीकराला सौंदांपर्यंत जायची गरज नाही. आपण रोज ज्या रस्त्यावर सिग्नलला अडकतो, तो डॉ. अ‍ॅनी बेझंट रस्ता. लंडनमध्ये जन्मलेली ही बाई इथे येऊन होमरूल लीग काढते, १९१७ च्या जूनमध्ये मद्रास सरकारच्या हुकमाने स्थानबद्ध होते, सप्टेंबरात सुटते आणि त्याच डिसेंबरात काँग्रेसची अध्यक्ष होते. निर्णयात भाग घेऊ नका असं तिला सांगायची कुणाची छाती नव्हती. हल्ली इतकं सोपं राहिलेलं नाही. २०१९ साली फिरदौस अहमद हा बांगलादेशी नट पश्चिम बंगालमध्ये प्रचारफेरीत दिसला, तेव्हा केंद्र सरकारने त्याचा व्हिसा रद्द करून त्याला परत पाठवलं. शंभर वर्षांत धोरण असं बदललं. नाहीतर कोलकात्यात कुठेतरी फिरदौस अहमद मार्ग झाला असता आणि तोही तुंबला असता.

५ नोव्हेंबरला अमेरिकेचं मतदान झालं. त्या दिवशीसुद्धा आम्ही दारं वाजवत होतो, कारण तिथे प्रचार मतदान संपेपर्यंत चालतो. संध्याकाळी सगळ्यांच्या छातीवर 'मी मत दिलं' असं लिहिलेले गोल स्टिकर. माझ्या छातीवर कंपनीचं ओळखपत्र. त्या आठवड्याअखेर मी मुंबईला निघालो. व्हिसाचं स्टॅम्पिंग करून घ्यायचं होतं आणि वकिलातीची तारीख नोव्हेंबरअखेरची मिळाली होती.

वरळीत पोचलो तर मी आधीच प्रसिद्ध झालो होतो. आचारसंहितेमुळे बॅनर लावता येत नव्हता, म्हणून मामाने व्हॉट्सॲपवर चित्र फिरवलं होतं. वर नेते, मध्ये उमेदवार, खाली शुभेच्छुकांच्या रांगेत माझा पासपोर्टचा फोटो आणि ओळ: थेट अमेरिकेच्या निवडणुकीतून. अमेरिकेत कुणी माझं नावही नीट उच्चारलं नव्हतं. इथे शाखेत शिरताच खुर्ची, चहा आणि प्रश्न, "काय वाटतं, येतोय का आपला?" जिथे तोंड उघडायला कायद्याने बंदी, तिथून मी जिथे तोंड बंद ठेवायला बंदी तिथे आलो होतो. मी सांगितलं, की तिकडे मतदाराला 'मत देणार का' असं विचारत नाहीत. 'किती वाजता जाणार, कसं जाणार, कुणाबरोबर जाणार' असं विचारतात. मनात बेत पक्का झाला की माणूस जातो. सगळ्यांनी माना डोलावल्या. सल्ला आवडल्यावर तो अमलात आणायचा नसतो, ही इथली पद्धत मी विसरलो होतो.

म्हणून मीच तो वापरून पाहिला, जांबोरी मैदानाजवळच्या चाळीत. बीडीडीच्या एका इमारतीत तळमजला धरून चार मजले, मजल्यावर वीस खोल्या, एकूण ऐंशी. सगळी दारं उघडी. बक्स काउंटीत बेल वाजवून दार उघडायची वाट बघणारा मी इथे उघड्या दारासमोर कडी शोधत उभा राहिलो. आतून आवाज आला, "चपला काढ आणि ये आत. तू सुमनचा मुलगा ना?" मी नियमाप्रमाणे विचारलं, "काकू, मतदानाला किती वाजता जाणार?" काकू म्हणाल्या, "तू नेशील तेव्हा." "कशा जाणार?" "तुझ्या गाडीतून." "कुणाबरोबर?" "ह्या पूर्ण मजल्याबरोबर." बेत पक्का झाला होता, फक्त तो माझा होता. पुनर्विकास, नवं घर, पाचशे चौरस फूट, टॉवरमध्ये देव्हारा कुठल्या भिंतीला येणार, एवढं सगळं झाल्यावर त्यांनी प्रेमाने विचारलं, "आणि तू उभा कुठल्या पक्षातून आहेस?"

पुढे बक्स काउंटीची मोजणी पूर्ण झाली, तेव्हा त्या अख्ख्या काउंटीत अध्यक्षपदाच्या दोन उमेदवारांत फरक निघाला २९१ मतांचा. मामाला आकडा सांगितला. त्याने डोळे मिटून हिशेब केला. ऐंशी खोल्या, खोलीत चार मतं. "अरे," तो कळवळून म्हणाला, "एक बिल्डिंग! एका बिल्डिंगवर गेली!" कुणाची गेली हे त्याने विचारलं नाही. कार्यकर्त्याचं दुःख पक्षातीत असतं.

माझं अमेरिकेतलं प्रशिक्षण वरळीत एकाच जागी कामाला आलं, ते टॉवरमध्ये. तिथे खाली रखवालदार, वही, इंटरकॉम. वरून आवाज, "आम्ही घरी नाही." मला एकदम घरी आल्यासारखं झालं. मी इंटरकॉमशी उत्तम संवाद साधला आणि पत्रकं टेबलावर ठेवली. सोबतचे कार्यकर्ते थक्क झाले. त्यांच्या मते एवढ्या निर्विकारपणे भिंतीशी बोलू शकणारा माणूस पक्षात प्रवक्ता व्हायला हवा.

कोळीवाड्यात मात्र सगळी विद्या उतरली. तिकडे शिकवलं होतं, वाद घालायचा नाही, नुसतं ऐकून घ्यायचं. एका मावशींनी विचारलं, समुद्रातल्या रस्त्याच्या खांबांबद्दल तुझं काय म्हणणं आहे? क्लीव्हलँड बंदरातून होड्या जायच्या वाटेवर कोस्टल रोडचे खांब येणार होते. आराखड्यात दोन खांबांत अंतर ६० मीटर, मच्छीमारांची मागणी १६० ची, भांडून भांडून १२० वर तोड निघाली. मी म्हणालो, "मावशी, मी फक्त ऐकायला आलोय." त्या म्हणाल्या, "ऐकायला? मग बस." आणि मला टोपलीशेजारच्या पाटावर बसवून वारा, भरती, होडीची रुंदी आणि आजवर येऊन गेलेला प्रत्येक पुढारी असं सगळं ऐकवलं. उठताना मी दोन पापलेटं विकत घेऊन उठलो. मत कुणाला, ते कळलं नाही. पापलेटाचा भावही त्यांनीच ठरवला.

भाषेच्या बाबतीत दोन्ही गावं सारखीच हुशार. २०१९ ला आदित्य ठाकरे पहिल्यांदा वरळीतून उभे राहिले, तेव्हा 'केम छो वरळी' असे गुजराती फलक लागले आणि त्यावर किती दिवस गदारोळ झाला होता. माझ्या एडिसनच्या मिडलसेक्स काउंटीत मतपत्रिकाच गुजरातीत मिळते. मराठीत नाही. मामाने एवढंच विचारलं, "तिथेपण?"

१८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी प्रचार थांबला आणि वरळी नाक्यावर आचार्य अत्र्यांचा पुतळा एवढाच काय तो बोलायच्या पवित्र्यात उरला. २० तारखेला केंद्रापासून नियमाच्या अंतरावर आमचं टेबल लागलं. एक टेबल, दोन खुर्च्या आणि त्यावर बसायला सतरा माणसं. मी यादीत नावं शोधून चिठ्ठ्या लिहून देत होतो. माझं नाव त्या यादीत नव्हतं. कायदा तसा उदार आहे. परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाने ६-अ क्रमांकाचा अर्ज भरला, की पासपोर्टवरच्या पत्त्यावर त्याची नोंद होते. फक्त मत द्यायला पासपोर्ट घेऊन स्वतः यावं लागतं. २०२४ च्या लोकसभेला असे नोंदलेले सुमारे १ लाख १९ हजार होते. प्रत्यक्ष येऊन मत दिलं २,९५८ जणांनी, आणि त्यातले बहुतेक केरळचे. मामाने लगेच अर्ज भरायला सांगितलं. माझ्या पासपोर्टवर पत्ता आहे चाळीतल्या खोलीचा, आणि ती चाळ पाडायच्या यादीत. "खोलीचं बघू नंतर," मामा म्हणाला, "मत तर उभं राहू दे."

दुपारनंतर नाक्यावर जो तो बोट दाखवून हसत होता. एका पोराने माझं कोरं बोट बघून भर रस्त्यात लोकशाहीवर व्याख्यान दिलं. सकाळपासून त्याच्या घरच्या पाच चिठ्ठ्या मीच लिहिल्या होत्या.

२३ तारखेला मोजणी. वरळीत आदित्य ठाकरे ८,८०१ मतांनी आले, २०१९ ला फरक ६७,४२७ चा होता. मिलिंद देवरा दुसरे, संदीप देशपांडे तिसरे. राज्यात मात्र महायुतीने मैदान मारलं. म्हणजे मतदारसंघात एकांचा गुलाल, राज्यासाठी दुसऱ्यांचा. नाक्यावरून जाणाऱ्याला दोन्ही लागले. आमच्या घरात त्या रात्री आंघोळीला रांग होती, आणि हरलेलेही गुलाबीच होते.

सोमवारी वांद्रे-कुर्ला संकुलात अमेरिकेच्या वकिलातीत मुलाखत. कितीही घासलं तरी कानामागचा आणि नखांतला गुलाल निघाला नव्हता. काचेपलीकडच्या तरुण अधिकाऱ्याने कागद चाळले, पगार विचारला, कंपनी विचारली. मग माझ्या कानाकडे पाहून म्हणाला, "होळी?"

"नाही," मी म्हणालो. "निवडणूक."

"अरे वा," तो हसला. "मग, मत दिलंत का?"

"मी नागरिक नाही," मी म्हणालो.

त्याने माझा भारतीय पासपोर्ट पुन्हा उघडला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली.